कोलियूरचं ऊन, जेवणघराच्या भिंतीवर : प्रकल्प नोंदी

४ मार्च

काका-काकूंच्या जेवणघराची भिंत पाहून आले. कोथरूडमधला जुना बंगला. उत्तरेची सलग भिंत, १४ फूट लांब, साडेआठ फूट उंच, मध्ये कोनाडा नाही की स्विचबोर्ड नाही. उजव्या हाताला पूर्वेची मोठी खिडकी. दोघं दक्षिण फ्रान्सला जाऊन आल्यापासून काकूंच्या मनात एकच आहे : रोज जेवताना तो समुद्र समोर, भिंतीवर रंगवलेला हवा.

नातीने फोनवर सांतोरिनी दाखवलं. पांढरी घरं, निळे घुमट. मी म्हटलं, हे निळे घुमट बहुतेक चर्चचे असतात, घरांचे नाहीत, आणि मुख्य म्हणजे तुमच्या घरातलं कुणी तिथे गेलेलं नाही. तुम्ही जिथे बसलात, जेवलात, उन्हात चाललात ती जागा काढू या. मग काकूंनी स्वतःचे फोटो उघडले आणि त्यात कोलियूर निघालं. मला दुसरं काही बघायचंच नव्हतं. माझीही तिथली स्केचबुकं कपाटात आहेत.

कोलियूर म्हणजे स्पेनच्या सीमेजवळ असलेलं कॅटलान बंदर. पिरेनीजची रांग जिथे समुद्रात उतरते तिथे, डोंगर आणि पाणी यांच्यात दाटीवाटीने बसलेलं गाव. १९०५च्या मे महिन्यात चित्रकार आंरी मातीस तिथे आला, जुलैत आंद्रे देरँ येऊन मिळाला आणि त्या एका उन्हाळ्यात दोघांनी रंगांचं व्याकरण बदललं. शरदात पॅरिसच्या प्रदर्शनात ती चित्रं लागली तेव्हा समीक्षक लुई व्होसेलने या मंडळींना ‘फॉव्ह’, म्हणजे रानटी जनावरं म्हटलं. नाव तेच टिकलं.

७ मार्च

जागा ठरली, आता बघायची दिशा. राजवाड्याच्या, म्हणजे शातो रोयालच्या बाजूला उभं राहून उत्तरेकडे पाहायचं. डावीकडे बोरामारच्या काठाची घरं, समोर पाण्यात पाय सोडून उभा असलेला चर्चचा गोल मनोरा, उजवीकडे खुला समुद्र, मागे डोंगर. हा मनोरा पूर्वी बंदराचा दीपस्तंभ होता. चर्च सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याला खेटून बांधलं गेलं आणि दिव्याचा मनोरा घंटेचा झाला. त्याच्या माथ्यावरचा गुलाबी घुमट हीच गावाची ओळख.

हेच दृश्य घेण्याचं कारण खिडकी. भिंत उत्तरेची आणि दृश्यही उत्तरेकडचं. खिडकी उजवीकडे पूर्वेला आणि कोलियूरचा समुद्रही उजवीकडे पूर्वेला. सकाळचं खरं ऊन जिकडून खोलीत येतं, तिकडूनच ते चित्रातही यायला हवं. भिंतचित्रात हे सांभाळलं नाही तर कितीही चांगलं रंगवा, भिंत भिंतच राहते.

तेव्हा वेळ सकाळची. उन्हाळ्याच्या ऐन मध्यात, तिथल्या घड्याळात अकरा वाजता. फ्रान्सचं उन्हाळी घड्याळ सूर्याच्या जवळजवळ दोन तास पुढे असतं, त्यामुळे अकराला सूर्य जेमतेम ५० अंशांवर असतो, पूर्वेपासून थोडा दक्षिणेला सरकलेला. म्हणजे सावल्या डावीकडे पडणार आणि वस्तूच्या उंचीपेक्षा थोड्या कमी भरणार. हे गणित आधी कागदावर करून ठेवलं. ऐन दुपारीसुद्धा तिथे सूर्य डोक्यावर येत नाही, ७१ अंशांच्या आसपास थांबतो. जूनमध्येही खांबाला त्याच्या उंचीच्या एक तृतीयांश सावली उत्तरेकडे राहतेच. आपल्याकडे मेच्या मध्यात पुण्यात एके दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. डोळ्याला जे ऊन सवयीचं आहे ते इथे चालणार नाही.

१२ मार्च

भिंतीची तपासणी. खिडकीलगतचा गिलावा मालकांनी नुकताच नवा करून घेतलाय. बाकीचा जुना आणि घट्ट. नव्या भागावर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले, लगेच गडद गुलाबी. सिमेंटचा क्षार अजून जिवंत आहे. मिस्त्री म्हणाले, “ताई, अजून थोडे दिवस हवा लागू द्या.” थांबायचं ठरलं. जुन्या भागाची पुट्टी आणि घासाई तेवढ्यात होईल.

निळ्या रंगांची निवडही या क्षाराशी बांधलेली आहे. प्रशियन निळा क्षारात मरतो, तपकिरी पडतो, म्हणून तो या भिंतीवर नाही. अल्ट्रामरीन क्षाराला दाद देत नाही, त्याला भीती आम्लाची. कोबाल्ट निळा दोन्हीकडे टिकतो. लुई-जाक थेनारने तो १८०२ मध्ये सिद्ध केला, आणि कारखान्यात होणारं अल्ट्रामरीन १८२८ मध्ये गिमेने आणलं. त्याआधी ते अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत आणि सोन्याच्या तोलाने विकत.

हे मिस्त्रींना सांगत होते तर ते म्हणाले, “म्हणजे नीळच की.” बरोबर. कपड्यांना घालतात ती पुडीतली नीळ म्हणजे हाच रंग. त्यांनी लहानपणी वडिलांबरोबर गावाकडची घरं चुन्याने रंगवली आहेत. चुन्याच्या बादलीत ते चिमूटभर नीळ टाकायचे. “नुसता चुना पिवळट दिसतो. नीळ पडली की भिंत पांढरीशुभ्र.” या चित्रातलं सगळं ऊन ज्या गोष्टीवर उभं राहणार आहे ती त्यांनी एका वाक्यात सांगितली : पांढरं दिसायला निळं लागतं.

२५ मार्च

क्षार उतरला. पूर्ण भिंतीला प्रायमरचे दोन हात. शुद्ध टायटॅनियम पांढरा नाही, त्यात पिवळ्या मातीचा थेंब. टायटॅनियम पांढरा थंड असतो, ट्यूबलाइटच्या अंगाने जातो. मातीसच्या त्या उन्हाळ्यात तो बाजारात नव्हताच. तेव्हाचे पांढरे म्हणजे शिशाचा आणि जस्ताचा, दोन्ही जरा मऊ. आणि हा प्रायमर चित्रात बऱ्याच ठिकाणी उघडाच ठेवायचा आहे, म्हणून तोच नीट व्हायला हवा.

मातीसची कोलियूरची चित्रं जवळून पाहिली की लक्षात येतं, रंगाच्या दोन फटकाऱ्यांमध्ये तो कॅनव्हास मोकळा सोडतो. तीच मोकळी जागा उन्हाचं काम करते. पिवळा रंग कितीही ओता, तेवढा उजेड येत नाही.

२ एप्रिल

रेखाटन भिंतीवर चढवलं. ओळंबा सोडून मनोऱ्याचा मध्य धरला, गेरूत बुडवलेली दोरी ताणून क्षितिजाची रेषा मारली. क्षितिज जमिनीपासून ४ फुटांवर, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बरोबर. इथे लोक बसून बघणार आहेत, उभं राहून नाही.

खालच्या ३ फुटांत दगडी कठडा. खुर्च्यांच्या पाठी तिथेच घासणार, तर तिथे नाजूक काही नको. पण नुसत्या सोयीसाठी म्हणून तो नाही. रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या वाड्यात अर्धवट जमिनीखाली एक खोली होती, चारही भिंतींवर बाग रंगवलेली. इसवी सनापूर्वी ३० ते २० या सुमाराचं काम. उन्हाळ्यात जेवायला बसायची गार जागा असावी, असं मानतात. १८६३ मध्ये ती उत्खननात सापडली, विसाव्या शतकाच्या मध्यात चित्रं भिंतीवरून उतरवून रोममध्ये हलवली, आता तिथल्या पालाझ्झो मास्सिमो संग्रहालयात आहेत. त्या बागेत खालून आधी एक वेलीकाड्यांचं कुंपण येतं, मग पायवाट, मग दगडी कठडा, आणि त्यापलीकडे झाडी. दोन अडसर ओलांडल्यावर नजर आपोआप लांब जाते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या रंगाऱ्यांना जेवणघराच्या भिंतीचं जे कळलं होतं, त्यात आजही मला भर घालता येत नाही. मी कठडा तेवढा घेतला.

त्या बागेत डाळिंबं लगडलेली आहेत, कण्हेर फुललेली आहे, वसंतातली फुलं आणि शरदातली फळं एकाच वेळी. काकूंना छापील चित्र दाखवलं तर त्या आधी कण्हेरीवर थांबल्या. “ही आपल्या अंगणातली!” खरंच, कण्हेर भूमध्य समुद्रापासून इकडे आशियापर्यंत पसरलेली आहे. तिथे ती कोरड्या ओढ्यांच्या पात्रात रानोमाळ वाढते.

९ एप्रिल

समुद्र सुरू केला.

कोकणात वाढलेल्या हाताला इथे फार सावध राहावं लागतं. आपला समुद्र उधाणाला मुंबईत चार मीटरांपर्यंत वर-खाली होतो. म्हणून ओल्या वाळूचा रुंद पट्टा, चिखल, लांबवर ओढून ठेवलेल्या होड्या. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, कोलियूरला फार तर फूटभर. त्यामुळे घरं, धक्का, मनोरा सगळं थेट पाण्याच्या काठावर येऊन बसतं. ओल्या वाळूचा पट्टा रंगवला की चित्र तिथेच अलिबागला पोचतं. किनारा गोट्यांचा. पाण्याची आणि कोरड्या दगडांची सीमा हातभर रुंद, त्याहून जास्त नाही.

पाणीही वेगळं. मोठ्या नद्यांचा गाळ कमी, पाण्यात पोषक द्रव्यं कमी, म्हणून शेवाळी जीव कमी आणि पाणी आरपार स्वच्छ. काठाला गोट्यांवर हिरवट, मग एकदम निळं. मध्ये मध्ये जांभळट काळे डाग. फोटोत ते ढगांच्या सावल्यांसारखे दिसतात, पण ढग तर नाहीत. ती पोसिडोनिया, समुद्रतळावरची गवताची कुरणं. काकांनी तिथे पोहताना पायाला लागलेलं गवत आठवलं, “तेच का?” तेच. ते डाग मी मुद्दाम ठळक ठेवलेत. त्यांच्याशिवाय उथळ पाणी तरणतलावाचं होतं.

पाण्याचा क्रम लिहून ठेवते, पुढे लागेल. क्षितिजाला अल्ट्रामरीनमध्ये किंचित गुलाबी (क्विनाक्रिडोन). त्याखाली कोबाल्ट. काठाकडे आकाशी सेरुलियन, आणि शेवटच्या हातभरात हिरवा व्हिरिडियन पाण्यासारखा पातळ करून. उजवीकडे सूर्याच्या बाजूला आडवे फटके एकमेकांपासून सुटे, मधला प्रायमर मोकळा. मिस्त्री दोनदा म्हणाले, “ताई, हे राहिलंय.” त्यांना दहा पावलं मागे खिडकीपाशी नेलं. तिथून बघितल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उलट संध्याकाळी मदतनीस पोरगा ती जागा भरायला निघाला तेव्हा त्यांनीच त्याचा हात धरला.

१८ एप्रिल

घरांच्या दर्शनी भिंती. सकाळच्या उन्हात त्या पूर्ण उजळलेल्या. गेरूमिश्रित गुलाबी, पिवळी माती, फिका केशरी, एखादी पांढरी. लाकडी झडपा निळ्या-हिरव्या. छपरं अर्धगोल कौलांची, म्हणजे आपली नळीची कौलं. बासेल मिशनच्या कारखान्यांतून आलेली मंगलोरी कौलं नव्हेत, त्याआधीची, एक पालथं एक उताणं अशी बसवायची. मिस्त्रींनी तो भाग मागून घेतला. गावच्या घरावर दरवर्षी पावसाआधी कौलं शाकारलेला माणूस तो. कौलांच्या ओळी कुठे वाकतात, वळचणीला कशा बाहेर येतात, हे मला सांगावं लागलं नाही.

२१ ते २६ एप्रिल

सगळा आठवडा सावल्यांचा. या चित्राचं खरं काम हेच.

देरँने जुलै १९०५ मध्ये कोलियूरहून मित्राला, व्लामँकला पत्र लिहिलं. आपल्याला उजेडाची नवी समज आली, सावली म्हणजे उजेडाचा अभाव नव्हे, तीही एक उजळलेली दुनिया आहे, असा त्याचा आशय. तिथे आकाश कोरडं असतं. त्रामोंतान नावाचा वायव्येचा वारा डोंगरावरून सुटला की धूळ, बाष्प सगळं झाडून नेतो. अशा हवेत सावलीत गेलेल्या भिंतीवर निळं आकाश पडतं, समोरच्या उन्हातल्या भिंतीचा केशरी उजेड पडतो, पाण्यावरून उसळलेला हिरवा पडतो. सावलीत तीन रंग असतात आणि त्यात काळा कुठेच नाही.

आपल्याकडे वैशाखातलं ऊन धुरकट असतं. आकाश पांढरट होतं, सावल्याही करड्या पडतात. तेही ऊन सुंदर आहे आणि ते रंगवायचं असेल तर करडा लागेलच. पण इथे काळ्या आणि करड्याच्या डब्या मी पहिल्या दिवशीच बाजूला ठेवल्यात.

मनोऱ्याचा डावा अंग सावलीत आहे, तेवढ्याची नोंद सविस्तर करते. पाया : कोबाल्ट आणि पांढरा, अर्धा दिवस वाळू दिला. त्यावर पातळ जांभळा, कोरड्या ब्रशने, दगडांच्या सांध्यांना धरून. घुमटाखालच्या कंगोऱ्याला समोरच्या घरांचा केशरी, अगदी पुसट, पाणी जास्त रंग कमी. शेवटी पाण्यालगतच्या दोन फुटांत हलत्या उजेडाच्या हिरवट वेड्यावाकड्या रेघा. त्याच्या बाजूच्या उन्हातल्या पट्टीला मी हातच लावला नाही, तो प्रायमरच आहे. आणि तरीही सगळ्या भिंतीत डोळे दिपतात ते तिथेच. काकू सकाळी चहाचा कप घेऊन आल्या आणि त्यांनी उन्हात बघताना करतो तसे डोळे बारीक केले. मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

३ मे

झाडी. हिरवा रंग हात राखून. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे आपल्या अगदी उलट. जुलैत गवत आपल्या माळरानावरच्या एप्रिलच्या गवतासारखं पिवळं झालेलं असतं. ऑलिव्ह करडे-हिरवे, बुचाचे ओक मळकट, पाइन काळपट. ताजा हिरवा फक्त डोंगरउतारावरच्या द्राक्षांच्या ओळींत, शिस्ट दगडाच्या बांधांवर. नाशिककडच्या माणसाला हे मांडवावरचे मळे वाटू नयेत. तिथे वेली कमरेपेक्षाही बुटक्या, सुट्या झुडपांसारख्या ठेवतात.

नातीला भिंतीवर बोगनवेल हवी. घेतली, एका बाल्कनीत. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. बुगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या जगप्रवासात कोमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्राझीलमध्ये १७६७ मध्ये सापडली, तिथून भूमध्य किनाऱ्यावर आणि आपल्या कुंपणांवर पोचली. कठड्यापाशी डावीकडे कुंडीत कण्हेर, गुलाबी. ती काकूंची.

माड मात्र कुठेही नाही. कुणीतरी पाहुणे “एक नारळ टाका ना” म्हणून गेले, काकांनीच परस्पर नको सांगितलं.

११ मे

होड्या. कॅटलान बार्का, दोन्ही टोकं निमुळती, एका लांब तिरक्या परवणावर, म्हणजे शीड बांधायच्या वाशावर, तिकोनी शीड. अँचोव्ही आणि तारलीची मासेमारी यांवरच चाले. अँचोव्ही मिठात मुरवायचा धंदा कोलियूरात आजही आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या गलबतांचं शीडही असंच तिरकं, त्यामुळे काकांना ती ओळखीची वाटली. किनाऱ्यालगत चार, लांबवर एक शीड सोडलेली. शीड मळकट पांढरं, त्याच्या सावलीच्या बाजूला फिका निळा. कडेच्या फळीला लाल पट्टी, आणि चित्रातला शुद्ध लाल फक्त तिथेच.

१५ मे

रात्री दिवे लावून पाहिलं. छतातले दिवे निळसर पांढऱ्या उजेडाचे होते, त्यात केशरी भिंती मेल्यासारख्या झाल्या. काकांना ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, बसवायला सांगितले, दुसऱ्या दिवशी बसवले. आता संध्याकाळी चित्र जरा उशिराच्या प्रहरात सरकतं, पण जिवंत राहतं.

फ्रेंच चित्रकार पिएर बोनारने १९११ मध्ये मॉस्कोचा चित्रसंग्राहक इव्हान मोरोझोव्ह याच्यासाठी भूमध्य समुद्राचं तीन भागांचं चित्र केलं होतं, प्रत्येक पट्टा चार मीटर उंच. ते त्याच्या हवेलीच्या जिन्यात, अर्धस्तंभांच्या मध्ये बसवलं होतं. बाहेर मॉस्कोचा हिवाळा, आत दक्षिण फ्रान्समधल्या सेंत्रोपेचं ऊन, झाडांमधून दिसणारा निळा तुकडा. आता ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. सजावटीचं चित्र म्हटलं की आपल्याकडे चित्रकारांची मान जरा तिरकी होते. मला ते कधीच पटलं नाही. जिथे माणसं रोज ये-जा करतात, जेवतात, त्या जागेच्या उजेडाला आणि खांबांना धरून चित्र करायचं, हे प्रदर्शनातल्या चित्रापेक्षा सोपं नाही.

२३ मे

कठडा पूर्ण. दगडाचे सांधे, शेवाळाचा पुसट डाग, वर ऊन. वरच्या सपाट कडेवर काहीतरी ठेवावं असं घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं. लिंबं ठेवली, तीन. तिथली लिंबं आपल्या कागदी लिंबांपेक्षा मोठी आणि जाड सालीची, टोकाला बोंड आलेली. त्यांच्या सावल्या पुन्हा निळ्या-जांभळ्या, आणि कडेला सालीचा पिवळा परतून आलेला.

मिस्त्रींनी सही करावी म्हणून आग्रह केला. कौलांच्या शेवटच्या ओळीत त्यांची, कठड्याच्या कोपऱ्यात माझी.

६ जून

वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले, हवा दमट. अशा हवेत व्हार्निश मारलं तर दुधाळ पडतं, म्हणून शेवटचा हात ऑक्टोबरवर टाकला. मॅट व्हार्निशच येईल. चकचकीत घेतलं तर खिडकीचं प्रतिबिंब समुद्रात दिसायचं. फक्त खालच्या ३ फुटांना आताच ॲक्रिलिक मॅट कोटचे दोन हात दिलेत, खुर्च्यांसाठी.

काकूंना सांगून आले : तोवर ओलं फडकं लावायचं नाही, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडायची. आमरसाचा शिंतोडा उडाला तर नुसता टिपून घ्यायचा, चोळायचा नाही. खिडकीलगतच्या नव्या गिलाव्यावर पावसाळ्यात ओल चढते का, ते दर आठवड्याला हात लावून बघायचं आणि चढली तर लगेच फोन करायचा. उरलेले रंग पाच बरण्यांत भरून, प्रत्येकीवर कुठला भाग ते लिहून, माळ्यावर ठेवलेत. मनोऱ्याच्या सावलीची बरणी सगळ्यात पुढे आहे. डागडुजी लागलीच तर तीच आधी लागेल.